न गेलेल्या पत्राचं उत्तर

१

"हिला काय कळणार आहे डोंबल! मघापासून टेबलाखाली शिरून बसलीय मांजरासारखी."

हे शब्द टपालबाईंच्या डोक्यावर, लाकडी फळीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर उच्चारले गेले. टेबलाखाली वायरींच्या जंजाळात शिरलेल्या माणसाला कान नसतात अशी बहुतेक गिऱ्हाइकांची समजूत असते.

"मला ऐकू येतं हं, काकू," टपालबाई खालून म्हणाल्या.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले," वरून उत्तर आलं.

टपालबाईंना ही म्हातारी तिथंच आवडली.

टपालबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि त्यातही अडकलेले मेल मोकळे करण्यात त्यांचा हातखंडा, म्हणून लोकांनी ते चिकटवलं होतं. हे काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नवरा गेल्यावर संध्याकाळ खायला उठायची, तेव्हा रद्दीतून आणलेलं एक जाडजूड पुस्तक उशाशी घेऊन त्या बसल्या आणि शिकल्या. दुरुस्ती झाली की त्या गिऱ्हाइकाच्या मशीनवरून स्वतःच्याच पत्त्यावर एक मेल पाठवत. मजकूर एकच: 'चाचणी'. रात्री घरी जाऊन त्यांनी आपली पेटी उघडली की सगळ्या गावातून आलेल्या चाचण्या तिथं ओळीनं बसलेल्या असत. बाकी त्यांना कुणाचं काही येत नसे.

त्या गुडघे झाडत बाहेर आल्या. "वायरी ठणठणीत आहेत. आता नीट सांगा, होतंय काय?"

काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सगळा जन्म त्यांनी चष्म्याच्या दुकानात काढला होता, लोकांना खालची ओळ वाचायला लावण्यात; त्यामुळे समोरच्याकडे बघताना त्यांची हनुवटी जराशी वर असे, पुढचा माणूस चुकणारच अशा तयारीत.

"मुलाला जातं, मैत्रिणीला जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मैत्रिणीचे यजमान गेले. मला कळलं त्याच दिवशी मी तिला लिहिलं, चांगलं पानभर. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणे, सगळ्यांनी विचारपूस केली, तुझी मात्र एक ओळ आली नाही. मी म्हटलं, अगं लिहिलं होतं! तर म्हणते, असू दे." काकूंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत होती. "असू दे, म्हणाली. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. शाळेपासूनची मैत्रीण आहे हो ती. एकच उरलीय."

"आणि मुलाला?"

"त्याला व्यवस्थित जातं. तो परदेशात असतो. मी आठवड्याला लिहिते, त्याचं आठवड्याला उत्तर येतं. पूर्वी दोन ओळी खरडायचा, आताशा पानभर लिहितो."

टपालबाईंनी मान डोलावली, पण मनात काही ते बसेना. मशीनला मुलगा आणि मैत्रीण यांतला फरक कळत नाही. पत्रं जातात किंवा जात नाहीत. त्यांनी मेलचा प्रोग्राम उघडला आणि आउटबॉक्सवर, म्हणजे लिहून झालेली पत्रं निघण्याआधी ज्या पेटीत थांबतात तिच्यावर, टिचकी मारली.

मैत्रिणीचं सांत्वनाचं पत्र तिथंच होतं. बिचारं निघालंच नव्हतं.

त्याच्या वर एक पत्र होतं, मुलाला लिहिलेलं. खाली एक, तेही मुलाला. त्याखाली आणखी एक. टपालबाई खाली खाली जात राहिल्या आणि यादी काही संपेना. गेल्या हिवाळ्यापासून काकूंनी मुलाला लिहिलेलं एकूण एक पत्र त्या पेटीत पडून होतं.

एकही घराबाहेर पडलेलं नव्हतं.

मग उत्तरं कुठून येत होती?

२

गिऱ्हाइकाला सगळं लगेच सांगायचं नसतं, हे टपालबाई डॉक्टरांकडून शिकल्या होत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, "मुलाचं एखादं उत्तर दाखवता का? पत्ता तपासायचाय."

काकूंनी अभिमानानं ताजं पत्र उघडलं. टपालबाईंनी वाचलं.

'आई, गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. शेक देणं चालू आहे ना? जिना उतरताना कठडा सोडायचा नाही, आणि उगाच घाई तर मुळीच नको. डोळ्यांचे थेंब दुपारचे राहून जातात, ते लक्षात ठेवायला हवं. खिडकीतल्या रोपाला पाणी थोडंच घालावं, मुळं कुजतात. इकडे थंडी आहे. मी बरा आहे. कामावर जातो, येतो, झोपतो.'

"गोड लिहितो," टपालबाई म्हणाल्या.

"लिहितो खरा," काकू म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

गुडघ्याचं पत्र आउटबॉक्समध्ये होतं. रोपाचंही. न गेलेल्या पत्रांना मुद्देसूद उत्तरं आली होती.

टपालबाईंनी पत्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नाव तेच, पण काकू ज्या पत्त्यावर लिहीत होत्या आणि उत्तर ज्या पत्त्यावरून येत होतं, त्यांच्यात एका टिंबाचा फरक होता. "काकू, तुम्ही त्याच्या पत्रालाच उत्तर देता, की नवीन लिहायला घेता?"

"नवीन. उत्तराला उत्तर देणं म्हणजे दुसऱ्याच्या कागदाच्या पाठीवर लिहिणं. मला नाही आवडत."

म्हणूनच ते टिंब त्यांच्या नजरेला पडलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईच्या!

मग टपालबाई सेटिंगमध्ये शिरल्या. येणाऱ्या पत्रांची व्यवस्था ठीक होती. जाणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरचं नाव मात्र एका अक्षरानं कमी होतं. मधलं एक अक्षर गळालेलं. म्हणजे प्रोग्राम दरवेळी अस्तित्वातच नसलेल्या दारावर जाऊन टकटक करत होता आणि हात हलवत परत येत होता.

"पत्र पाठवलं की एक इंग्रजी चौकट येते का?"

"येते ना. मेली पाठच सोडत नाही. वरच्या मजल्यावरचा म्हणाला, फुली मार, काही होत नाही. मी मारते फुली."

एक अक्षर चुकून गळू शकतं. पण त्या अक्षरापर्यंत पोचायला एकात एक अशा चार खिडक्या उघडाव्या लागतात. चुकून कुणी चार दारं उघडून आतल्या खोलीतल्या कपाटाला हात घालत नाही. ज्यानं हे केलं त्याला पत्रं जायला नको होती. आणि काकूंना ते कळायलाही नको होतं.

"या मशीनवर तुमच्याशिवाय कोण बसतं?"

"माझी लेक. तिनंच हे बसवून दिलं, पण ती दुसऱ्या गावी असते, येते कधीमधी. वरचा, म्हणजे आमचे रेडिओकाका. तो काहीही उघडून बसतो. आणि सून. ती आणि मी राहतो इथं." काकू थांबल्या. "का हो? चोरी-बिरी झालीय का?"

"अजून कळत नाही," टपालबाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. चोरी झाली होती, पण कशाची, ते अजून त्यांना कळत नव्हतं.

३

इंटरनेटची वायर वरच्या मजल्यावरून येत होती, त्यामुळे वर जायला निमित्त शोधावं लागलं नाही. रेडिओकाका पोट उघडलेल्या रेडिओंच्या गराड्यात बसले होते. कपाळावर भिंग चढवलेलं.

"खालच्या मशीनला तुम्ही हात लावला होता का?"

"लावला असता तर सांगितलं असतं. बिघडवलेल्या वस्तूंची मला लाज नाही वाटत. हे बघा, सगळा पुरावा मांडूनच बसलोय."

"फुली मारायला तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं. मी आयुष्यात येणाऱ्या प्रत्येक चौकटीला फुलीच मारतो." त्यांनी एक स्क्रू उचलला आणि तो कुठला हे आठवेना म्हणून खिशात टाकला. "मेल वगैरे आपल्याला जमत नाही. माझी बोटं जाड."

"काकूंच्या मुलाची पत्रं येतात म्हणे."

"येतात. मला वाचून दाखवते ती."

"आणि?"

"आणि काय? मी ऐकतो." रेडिओकाकांनी भिंग डोळ्यावर ओढलं. तोंड झाकायला ते पुरेसं नव्हतं, पण त्यांनी तसा प्रयत्न केला. "बाई, कुणाच्या घरातलं मी बोलत नाही. हा पोरगा माझ्या मांडीवर वाढला. चौथीत असताना आईला ताप आला होता, तर हा वर येऊन मला म्हणाला, 'काका, माझा डबा कोण करणार?' बस. एवढंच सांगतो."

मग एकदम जिन्याशी जाऊन ते ओरडले, "ए! तुझा वाचायचा चष्मा माझ्याकडे राहिलाय गं!"

"तुझ्याकडेच ठेव!" खालून आवाज आला. "तुला तरी चार गोष्टी दिसतील!"

"एका बाकावर बसायचो शाळेत," रेडिओकाका ओशाळून म्हणाले. "तेव्हापासून ही अशीच."

खाली येऊन टपालबाईंनी लेकीला फोन लावायला सांगितला. काकूंनी फोन लावला, आणि तो कानापासून हातभर लांब असूनही पलीकडचा आवाज खोलीभर झाला.

"अगं आई, तू परत त्या मशीनला काही केलंस का? तुला हजारदा सांगितलंय, नको तिथं टिचक्या मारत जाऊ नकोस!"

"मी काही केलं नाही. या दुरुस्तीच्या बाई आल्यात. बोल त्यांच्याशी. आणि जरा हळू बोल, त्यांचे कान चांगले आहेत."

टपालबाई फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. "जाणाऱ्या पत्रांचं सेटिंग कुणीतरी बदललंय."

"मी नाही बदललं. मी बसवून दिलं तेव्हा नीट चालत होतं, माझी वहिनी शेजारीच उभी होती, विचारा तिला." मग तिचा स्वर एकदम सावध झाला. "दादाची पत्रं येतात ना आईला?"

"येतात."

"मग झालं तर! मैत्रिणीचं तेवढं पाठवून द्या आणि मोकळ्या व्हा. फार खोलात जाऊ नका."

"तुम्हाला लिहितो का तो?"

फोनवर कुणीतरी कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला.

"मला कशाला लिहील?" लेक म्हणाली. "माझी मीटिंग आहे, ठेवते."

टपालबाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. या घरात प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होतं आणि प्रत्येक जण त्याला वळसा घालून जात होता, वाटेत मधोमध ठेवलेल्या खुर्चीला घालावा तसा. खुर्ची इथं कुणी ठेवली, हे मात्र विचारायचं नाही.

४

काकू आत जाऊन पडल्या. टपालबाई पुन्हा पडद्यासमोर बसल्या. काकूंनी परवानगी दिली होती, "वाचा हवं तर, त्यात लपवण्यासारखं काय आहे," म्हणून त्यांनी मुलाची जुनी पत्रंही काढली. गेल्या हिवाळ्याच्या आधीची, खऱ्या पत्त्यावरून आलेली.

'आई, तू सारखे फोन करत जाऊ नकोस. मी कामात असतो. तुला काही हवं असेल तर हिला सांग.'

'तू विचारलंस म्हणून सांगतो, यायचं अजून ठरलेलं नाही. तू त्याच त्याच गोष्टी विचारत राहतेस.'

त्यांच्याशेजारी नवी पत्रं. लांब, मऊ, शेक आणि थेंब आणि रोपं यांनी भरलेली. दोन्ही एकाच्या हातची नाहीत, हे कुणीही सांगितलं असतं. पण नव्यांचा हात कुणाचा?

टपालबाई पुन्हा पुन्हा वाचत होत्या. पत्रांत काही चूक सापडेना. 'जातो', 'येतो', 'झोपतो', सगळं पुरुषाला शोभेल असं. उलट वाचताना असं वाटत होतं की काहीतरी नाहीच आहे. जेवणाच्या ताटात मीठ नसलं की आधी कळत नाही काय कमी आहे, नुसता घास अडतो, तसं. त्या पुटपुटत वाचू लागल्या. 'शेक देणं चालू आहे ना.' कुणाचं? 'कठडा सोडायचा नाही.' कुणी? 'थेंब दुपारचे राहून जातात.' कुणाचे राहून जातात?

त्यांचा हात माउसवर थबकला.

पत्रात 'तू' नव्हतं.

त्यांनी दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. आईला लिहिलेल्या पानंच्या पानं पत्रांत 'तू' नाही, 'तुला' नाही, 'तुझा' नाही. मुलगा दोन ओळींत चारदा 'तू' म्हणून खेकसायचा. लेक 'अगं आई, तू' म्हणून गरजते. जिन्यावरचा शाळासोबती 'ए, तुझा चष्मा' म्हणून ओरडतो. या तिघांपैकी कुणीही लिहिलं असतं तर 'तू' आपसूक उतरलं असतं. ते टाळायचं कारणच नव्हतं. जो हात मुलाचं सोंग घ्यायला तयार होता, लबाडी करायला तयार होता, तोच या एका शब्दापाशी येऊन अडत होता. 'तुम्ही' लिहावं तर सोंग उघडं पडतं, आणि 'तू' लिहायला धजावत नाही. म्हणून प्रत्येक वाक्य वळवून, मुरडून, माणसाशिवाय उभं केलेलं.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. चपला काढल्याचा आवाज, पिशवी टेकवल्याचा आवाज. आणि मग मऊ, दमलेला एक आवाज:

"अहो आई, जेवलात का? थेंब घातलेत का दुपारचे?"

५

सून दाताच्या दवाखान्यात काम करायची. लोकांना वेळा द्यायच्या, घाबरलेल्यांना धीर द्यायचा. दुपारी तासभर घरी यायची. टपालबाईंना पाहून तिनं हसून मान हलवली, मग उघड्या पडद्याकडे तिची नजर गेली आणि हसू जागच्या जागी राहिलं. डोळे मात्र तिथून निघून गेले.

"चहा टाकते," ती म्हणाली.

टपालबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटून घेतलं.

"पत्रं छान लिहितेस."

तिनं गॅस पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. "कशावरून म्हणता?"

"'तू' लिहिलं नाहीस कुठं. एकदाही."

सून ओट्याला टेकली. मग तिला हसूच आलं, रडण्याच्या अगदी काठावरचं. "ताई, मी 'जातो, येतो' इतकं जपून लिहिलं हो! त्याचीच धास्ती होती मला. 'तू'सुद्धा लिहून बघितलं तीन-चारदा. 'आई, तू कशी आहेस' लिहायचं आणि खोडायचं. त्या समोर उभ्या आहेत आणि मी त्यांना अगं-तुगं करतेय असं वाटायचं. लाज वाटायची."

"मुलगा कुठंय?"

"आहे. चांगला आहे. तिकडेच दुसरं घर मांडलंय." तिनं पातेल्यात पाणी ओतलं, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. "हिवाळ्यात एकदाच फोन आला. म्हणाला, तिकडचं सगळं मी मिटवलंय असं समज. 'तिकडचं' म्हणाला, ताई. आई आणि मी, म्हणजे 'तिकडचं'. नंबर बदलला. मेलची पेटी बंद केली. आईंनी पत्र लिहिलं की ते आपटून परत यायचं, इंग्रजी निरोप घेऊन. पहिले एक-दोन मी त्या उठायच्या आत पुसले. पण दर वेळी कसं जमणार? वन्संनी ते बसवलं तेव्हा मी बघितलं होतं कुठं काय असतं. एक अक्षर काढून टाकलं. पत्रं जाणारच नाहीत, तर परत कशी येतील?"

"आणि उत्तरं?"

"त्या वाट बघायच्या हो. जेवता जेवता मशीनकडे बघायच्या. मग मी त्या पेटीतलं वाचायला लागले, आणि दवाखान्यातून, त्याच्या नावाची नवी पेटी उघडून, उत्तर टाकायला लागले." पाणी उकळायला लागलं होतं, तिचं लक्ष नव्हतं. "मैत्रिणीचं पत्र अडकेल हे डोक्यातच आलं नाही माझ्या. त्या कधी दुसऱ्या कुणाला लिहीतच नव्हत्या."

"लेकीला ठाऊक आहे?"

"असणार. ती विचारत नाही, मी सांगत नाही."

"मग काकूंना का नाही सांगत?"

सुनेनं गॅस बंद केला. मग अगदी हळू म्हणाली, "मी इथं कोण म्हणून राहते, ताई? त्याची बायको म्हणून. तोच नाही म्हटल्यावर मी कोण त्यांची? माहेरी आता कुणी नाही. दवाखान्यातून सुटल्यावर मला जायला हे एकच दार आहे. त्यांना कळू देऊ नका. मैत्रिणीचं तेवढं पाठवा, त्याची पत्रं बाजूला काढा. जमतं ना तसं?"

"जमतं," टपालबाई म्हणाल्या.

जमत होतंच. त्यात कठीण काही नव्हतं.

६

सून रेडिओकाकांचा डबा घेऊन वर गेली. ती जिन्यावर पोचते न पोचते तोच आतल्या खोलीचं दार उघडलं. काकू झोपल्याच नव्हत्या.

"सापडलं ना?" त्या म्हणाल्या.

टपालबाईंनी मान पडद्याकडे वळवली.

"तोंड लपवू नका. माझा धंदाच होता तो, समोरच्याला दिसतंय की तो अंदाजानं सांगतोय ते ओळखायचा." काकू खुर्चीत बसल्या. आता ताठ नव्हत्या. "माझ्या मुलानं जन्मात कधी माझा गुडघा विचारला नाही हो. पहिल्याच पत्रात कळलं मला."

"तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"सगळं नाही. एवढंच कळलं की तो लिहीत नाहीये आणि ही लिहितेय. म्हणजे बाकीचं काय असेल ते असेल. रडले एक दिवस, न्हाणीघरात, नळ सोडून."

"मग लिहीत का राहिलात?"

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. "दिवसभर आम्ही दोघी काय बोलतो सांगू? किल्ली घेतलीस का. दूध आलं का. गोळी घेतलीत का. संपलं. सासूनं सुनेला आणि सुनेनं सासूला याच्यापुढे काय बोलायचं असतं? पण पत्रात मी लिहिलं, की संध्याकाळी मला फार एकटं वाटतं. तर दुसऱ्या दिवशीपासून ही संध्याकाळी लवकर यायला लागली. मी लिहिलं, की सून फार दमते, तिला कुणी विचारत नाही. तर उत्तर आलं, 'तिला बरं वाटेल हे ऐकून.' मी मुलाला लिहायचं, तिनं मुलगा होऊन वाचायचं. बरं चाललं होतं की आमचं."

टपालबाईंना वाटू नये ते वाटलं. हेवा वाटला. एका छताखाली राहून दोन माणसं एकमेकींना पत्रं लिहीत होती.

"मग मला कशाला बोलावलंत, काकू? दुरुस्त झालं तर हे सगळं बंद पडेल, हे कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं. आठ दिवस फोन हातात घेऊन ठेवून देत होते." काकूंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "पण ती 'असू दे' म्हणाली हो! तिचा नवरा गेला आणि तिला वाटतंय मी एक ओळ लिहिली नाही. ते नाही सहन होत." त्यांनी टपालबाईंचं मनगट धरलं. "फक्त एक करा. मला कळलंय हे सुनेला सांगू नका. तरणी आहे, कमावती आहे. नवराच नाही म्हटल्यावर ती कशाला राहील म्हातारीचे थेंब घालायला? कुणाची कोण म्हणून? अजून तो आहे असं आम्ही दोघी धरून चालतो, म्हणून ती आहे."

जिन्यावर पावलं वाजली. काकूंनी हात सोडला.

टपालबाई आता दोन्हीकडून बांधल्या गेल्या होत्या. एकीचं गुपित दुसरीपासून लपवायचं, दुसरीचं पहिलीपासून, आणि दोन्ही गुपितं एकच. पुस्तकात या बिघाडाचा धडा नव्हता.

७

गळालेलं अक्षर टपालबाईंनी जागेवर बसवलं. आता फक्त 'पाठवा' दाबायचं होतं.

सून दारात उभी होती, दवाखान्यात परत जायची पिशवी खांद्याला. काकू खुर्चीत. टपालबाई दोघींपैकी कुणाकडेही न बघता, पडद्याशी बोलल्यासारखं बोलल्या.

"हे दाबलं की पेटीतलं सगळं जाईल. मैत्रिणीचं जाईल, आणि मुलाला लिहिलेली सगळीच्या सगळी जातील. काही मागं ठेवायची असतील तर आत्ताच सांगा. नंतर मला ती परत ओढून आणता येणार नाहीत."

वरच्या मजल्यावर एक रेडिओ खरखरला आणि बंद झाला.

"आई," सून म्हणाली, "त्यांची बाजूला काढायची का? म्हणजे, जुनी झालीत ती आता."

"जुनी झाली तर झाली. लिहिलेली आहेत ना?"

"पण एकदम इतकी पत्रं गेली तर... ते कामात असतात."

"तो नेहमीच कामात असतो," काकू म्हणाल्या. "आधी माझ्या मैत्रिणीचं जाऊ दे, बाई."

टपालबाईंनी ते एक पत्र पाठवलं. हिरवी पट्टी सरकली, भरली, नाहीशी झाली. पत्र आउटबॉक्समधून उठून 'पाठवलेले'मध्ये जाऊन बसलं. इतके दिवस अडलेली गोष्ट एका श्वासात होऊन गेली. काकूंनी डोळे मिटले आणि उघडले.

"गेलं?"

"गेलं. तिच्या दाराशी पोचलंसुद्धा."

"आता बाकीची." काकू उठल्या. गुडघा धरून, टेबलाचा आधार घेत पुढं आल्या आणि माउसवर स्वतःचा हात ठेवला. सून दोन पावलं आत आली. तिनं टपालबाईंकडे असं पाहिलं, की टपालबाईंना मान खाली घालावी लागली. मग काकूंनी दाबलं.

पत्रं निघाली. एकामागून एक, हिवाळ्यापासूनची. गुडघ्याचं गेलं. रोपाचं गेलं. संध्याकाळी एकटं वाटतं ते गेलं. पेटी रिकामी झाली. तिघींची नजर पडद्यावर होती.

मग मशीननं टिंग केलं. परत टिंग. आणि मग ते थांबेना, पत्रं जशी गेली तशी परत येऊन आपटू लागली, प्रत्येकाच्या कपाळावर तोच इंग्रजी निरोप. सून एकदम पुढं झाली. तिचा हात सवयीनं ते निरोप पुसायला गेला, आणि काकूंनी तो वाटेतच धरला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "काय लिहिलंय ते वाच."

"इंग्रजीत आहे, आई."

"मग तू मराठीत सांग."

सुनेनं हात सोडवून घेतला नाही. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा सासूच्या सुरकुतलेल्या बोटांकडे, जी तिचं मनगट धरून होती.

"ते आपल्याला सोडून गेलेत, आई," ती म्हणाली. "आणि मला इथून कुठंही जायचं नाहीये."